गिऱ्ह्याचं नाव चुकलं, गोष्ट जमली

सोलापुरातल्या नव्या लेखकांनी पदरमोड करून काढलेली भयकथा-अद्भुतकथांची ही तीन पुस्तकं. तिघांचंही पहिलंच, म्हणून चुका दाखवताना नावं घेत नाही. मुखपृष्ठाच्या रंगावरून ओळखा.

काळं पुस्तक तिन्हींत सरस. मुंज लागलेला, पण सोडमुंज, म्हणजे मुंजीचं व्रत सोडवायचा विधी, व्हायच्या आत गेलेला पोरगा मुंज्या होऊन पिंपळावर राहतो, एवढंच भांडवल घेऊन लेखकाने तो पिंपळ पूर्व भागातल्या बंद यंत्रमाग शेडच्या भिंतीत उगवलाय. वीज तोडलेल्या शेडमधून रात्री धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत नेणारी नळी, आपटल्याचा आवाज येतो. इथवर नवं काही नाही. भीती पुढे आहे. धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं की माग थांबवून कांडी बदलावी लागते, हे म्हाताऱ्या विणकराला ठाऊक. तो अंधारात उभा राहून ती संपायची वाट बघतो, आणि माग थांबतच नाही. मधूनच तो तेलुगूत काहीतरी पुटपुटतो. त्याचा अर्थ लेखक चार पानं सांगत नाही, हे फार बरं केलं.

माती होते ती शेवटी. मांत्रिक येतो, लिंबू कापतो, भूत पळतं. अहो, मुंज्याला सोडवायची वाट पहिल्या पानावरच दाखवली होती ना? सोडमुंज! भुताला एकदा नियम घातला की त्याची सुटकाही त्याच नियमातून व्हायला हवी. बाहेरचा उपाय आणला की आधीची सगळी भीती फुकट जाते.

हिरवी कादंबरी गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेवर बेतलेली. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, सगळं जागच्या जागी. पण शापाची मुदत जुळावी म्हणून होम आधी आणि अक्षता नंतर घेतल्यात. अक्षता म्हणजे कुंभारकन्येचं सिद्धेश्वराच्या योगदंडाशी लग्न आणि होम म्हणजे तिचा अग्निप्रवेश. क्रम फिरवला तर लग्नाआधीच नवरी जाते. पुण्या-मुंबईचा वाचक पुढे वाचेल, सोलापूरकर तिथेच पुस्तक मिटेल. क्रम सुधारला तर शापाला एक दिवस कमी पडतो, म्हणजे मधली तीन प्रकरणं नव्याने लिहावी लागतील. शोभेच्या दारूकामाच्या रात्रीचं प्रकरण तेवढं सुटं वाचण्यासारखं आहे.

निळ्या संग्रहातली तळ्याकाठची कथा गिऱ्ह्याची. हा पाण्यातला, वाटसरूला उथळ वाटणाऱ्या पाण्यातून खोलात नेणारा. कथेत पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत यायला पाच पानं लागतात आणि एकदाही कुणी किंचाळत नाही. गोष्ट जमलीय, पण जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेताना ‘ऱ’ मोडलाय. ‘गिऱ्हा’चा ‘गिर्हा’ झाला, ‘पायऱ्या’ची ‘पायर्या’. ऐन अंधारात नायक ‘पायर्या’ उतरतो तेव्हा घाबरायचं की हसायचं कळत नाही. ‘र्या’ आणि ‘र्ह’ शोधून एकेक बघावं लागेल. सरसकट बदललं तर ‘सूर्या’ आणि ‘कार्यालय’ही बिघडतील.

बांधणी तिन्हींची नुसत्या गोंदाची, शिलाई नाही. घेताना मधलं पान पूर्ण उघडून बघा, कण्याला तडा गेला तर दुसरी प्रत मागा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलीत तर गोंद मऊ होऊन पानं हातात येतील. एकच घ्यायचं तर काळं घ्या. निळं दुसऱ्या आवृत्तीत.