रंग आधी, गाडी नंतर: जुन्या फोर व्हील जीपच्या कामात होणारी फसवणूक

खानापूर तालुक्यात एका गोठ्याशेजारी बरीच वर्षं उभी असलेली महिंद्रा सीजे-3बी. पेट्रोल, फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी. पत्रा गंजलेला, टायर बसलेले, पण इंजिन, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) आणि दोन्ही हौसिंग (चाकांचे ॲक्सल शाफ्ट ज्यात असतात ती लोखंडी आवरणं) मूळची. मालकाने ती बेळगावातल्या एका गॅरेजला 'पूर्ण करून द्या' म्हणून सोपवली. ठरलेल्या रकमेतले निम्म्याहून जास्त पैसे आगाऊ गेले. गाडी परत आली तेव्हा हिरवा रंग चकाकत होता, सीट नव्या होत्या, टायर नवे होते. पहिल्याच पावसात जांबोटीकडच्या लाल चिखलात ती रुतली आणि फोर व्हील टाकूनही पुढची चाकं जागची हलेनात.

दुसऱ्या मेकॅनिकने पुढचं हौसिंग उघडलं, तर आत दोन्ही ॲक्सल शाफ्ट नव्हते. फोर व्हीलचा दांडा पडत होता, पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरत होता, क्राऊनही (हौसिंगमधलं मोठं दातेरी चक्र) फिरत होता. चाकापर्यंत मात्र काहीच पोचत नव्हतं. हबवर टोपी घट्ट बसवलेली असल्यामुळे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. पुढे तपासत गेल्यावर मागचा डिफरन्शियलही (दोन चाकांना ताकद वाटून देणारा हौसिंगमधला गिअरचा संच) बदललेला निघाला, 'बोअरिंग केलं', म्हणजे सिलिंडर आतून कापून सारखा केला, म्हणून बिल लावलेल्या सिलिंडरमध्ये झिजेची जुनी कड तशीच होती, आणि बॉडीखालच्या कुजलेल्या पट्ट्यांवर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला होता.

गॅरेजचं नाव इथे देत नाही, कारण प्रश्न एका गॅरेजचा नाही. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, पलीकडे चंदगड, गडहिंग्लज, सगळीकडे जुन्या जीप गोठ्यात आणि शेडमध्ये पडून आहेत. त्या चालू करण्याची हौस वाढली तशी ही पद्धतही पसरली आहे. पद्धत एकच असते: कामाचा क्रम उलटा करायचा.

पहिल्या आठवड्यात गाडी पूर्ण खोलून टाकतात. सुट्या भागांची गाडी मालकाला दुसरीकडे हलवता येत नाही, तिथेच तो अडकतो. मग बॉडीचं टिंकरिंग आणि रंग आधी उरकतात, कारण फोटोत रंग दिसतो, ब्रेकचा पाइप दिसत नाही. फोटो बघून मालक पुढचा हप्ता देतो. बॉडी चासिसवर बसली की ट्रान्स्फर केस, ब्रेक लाइन, पाट्यांचे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचे) हँगर, सगळं झाकलं जातं. त्यानंतर 'एक्स्ट्रा काम निघालंय' सुरू होतं.

योग्य क्रम याच्या नेमका उलटा आहे. आधी उघडी चासिस, तिची वेल्डिंग आणि मोजमाप. मग पाटे, हौसिंग, ब्रेक, स्टीअरिंग. मग इंजिन, गिअर बॉक्स, ट्रान्स्फर केस. या अवस्थेत, म्हणजे बॉडी नसताना, गाडी आवारात पुढे-मागे चालवून दाखवायची. रंग सगळ्यात शेवटी. हप्तेही याच क्रमाने बांधून घ्या आणि पुढचा हप्ता उघड्या चासिसजवळ उभं राहून द्या, मोबाइलवर फोटो बघून नाही.

गाडी सोपवण्याआधी

ब्लॉक, गिअर बॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचं-मागचं हौसिंग, कार्बोरेटर, डायनमो, सेल्फ या प्रत्येकावर ओतीव खडबडीत भागात सेंटर पंचने दोन ठिपके मारा आणि जवळून फोटो काढा. ओतकामात उठलेले नंबर असतील तर तेही फोटोत घ्या. मूळ पार्ट आता सहज मिळत नाहीत, म्हणूनच ते काढून दुसऱ्याला विकले जातात. चाकं जागेवर असताना पुढच्या हबची टोपी उघडून शाफ्टचं टोक दिसेल असा फोटो घ्या. मग ही सगळी यादी दोन प्रतींत लिहून गॅरेजवाल्याची सही घ्या. जो सही करायला तयार नाही, त्याला गाडी देऊ नका. काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत मिळेल, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

फोर व्हील खरंच आहे का

गाडी सपाट जागेवर घ्या, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावा. इंजिन बंद. ट्रान्स्फर केस फोर व्हील हायला, गिअर पहिल्यात. फ्री व्हील हब (पुढचं चाक शाफ्टपासून सोडवता येणारे हब) असतील तर लॉक करा. आता पुढचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवरच राहू द्या, आणि उचललेलं चाक हाताने फिरवून बघा. दातांच्या ढिलाईपुरतं थोडं हललं तर ठीक. मोकळं गरगर फिरलं तर त्या बाजूचा किंवा जमिनीवरच्या बाजूचा शाफ्ट नाही, किंवा तुटलेला आहे, किंवा हब लागत नाही. खानापूरच्या त्या जीपची ही तपासणी ताबा घेताना झाली असती तर चोरी तिथेच उघडी पडली असती. फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या काही टू व्हील जीपना तर नुसती बिनक्राऊनची नळी पुढे असते आणि दांडा दाखवण्यापुरता बसवलेला असतो. हौसिंगला मधला गोल फुगवटा आहे का, हे खाली वाकून बघितलं तरी ते कळतं.

दोन्ही डिफरन्शियल एकाच रेशोचे आहेत का

ही फसवणूक लगेच कळत नाही आणि नुकसान सगळ्यात जास्त करते. रेशो म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे. सीजे-3बीचा मूळ रेशो 5.38, म्हणजे क्राऊनला 43 दात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला 8. मूळ मागचं सामान काढून घेऊन नंतरच्या मॉडेलचं 4.88 किंवा 4.27 बसवलं, की टू व्हीलमध्ये गाडी उलट जास्त पळते आणि मालक खूश होतो. फोर व्हील टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू बघतात. चिखलात घसरून निभावतं. डांबरावर किंवा कोरड्या मुरमावर सगळी मशिनरी पिळली जाते. दांडा अडकून बसतो, मग प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटतो किंवा ट्रान्स्फर केसचे दात जातात.

मोजायला हत्यार लागत नाही. गिअर आणि ट्रान्स्फर केस दोन्ही न्यूट्रल. हँडब्रेक सोडलेला असला पाहिजे, कारण या गाडीत तो प्रोपेलर शाफ्टवर लागतो. म्हणून बाकी चाकांना ठोकळे पक्के लावा. मागचं एक चाक उचला, दुसरं जमिनीवर. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक स्थिर असताना दुसरं दुप्पट फिरतं, म्हणून दोन फेरे. शाफ्ट पाच फेरे आणि वर एका फेऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा जास्त फिरला तर 5.38, पाचाला थोडा कमी पडला तर 4.88; सव्वाचारला थांबला तर 4.27. हेच पुढच्या चाकाला करा. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत.

ट्रान्स्फर केस खोलली असं सांगितलं तर मधला शाफ्ट आणि त्याचे थ्रस्ट वॉशर बदलले का, ते विचारा. तो शाफ्ट केसच्या भोकात ढिला होतो, तिथून ऑइल गळतं आणि गिअर आवाज करतात. नुसतं नवं गॅस्केट आणि सिलंट लावून गळती काही काळ थांबवता येते, आणि बहुतेक तेवढंच केलेलं असतं. गिअर बॉक्समधलं ऑइल कमी आणि ट्रान्स्फर केसमधलं जास्त दिसलं, तर दोघांमधला सील गेलेला आहे. लेव्हल प्लग उघडून दोन्ही तपासा. ट्रान्स्फर केसला सुमारे दीड लिटर आणि प्रत्येक डिफरन्शियलला सव्वा लिटरच्या आसपास 90 नंबर ऑइल बसतं. बिलात दहा-बारा लिटर गिअर ऑइल लावलेलं दिसलं तर तिथेच थांबून हिशेब मागा.

इंजिनाचं बिल

सीजे-3बीच्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. 'हेडचं पूर्ण काम केलं' म्हणजे आठातले चारच झाले. जळतात ते ब्लॉकमधले एक्झॉस्ट, आणि नेमके तेच तसेच सोडले जातात. मग गाडी गरम झाली की आयडलिंगला मिस मारते. दोन्ही केले का, हे वेगवेगळं विचारा, आणि थंड इंजिनावर फीलर गेज लावून व्हॉल्व्हची फट मोजून घ्या: इनलेट 0.018 इंच, एक्झॉस्ट 0.016 इंच.

मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 3⅛ इंच, म्हणजे 79.4 मि.मी. 'प्लस ट्वेंटी', म्हणजे 0.020 इंच मोठी, केली असेल तर ती सुमारे 79.9 मि.मी. भरली पाहिजे आणि पिस्टनच्या माथ्यावर तसा शिक्का हवा. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घातला तर नव्या बोअरवरच्या तिरप्या रेघा दिसतात. वरच्या टोकाला झिजेची कड लागत असेल तर फक्त रिंगा बदलल्या आहेत. धूर काही दिवस कमी होतो आणि पुन्हा सुरू होतो. बेळगावात बोअरिंगचं आणि क्रँक ग्राइंडिंगचं काम उद्यमबागेत होतं. गॅरेजमार्फत पैसे देण्यापेक्षा बोअरिंगवाल्याला स्वतः पैसे द्या, त्याच्याकडून मापासकट पावती घ्या. प्रामाणिक मेकॅनिकला याचं वाईट वाटत नाही.

इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा डायफ्राम आणि रबरी नळ्या जुन्याच ठेवल्या असतील तर आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने त्या फुगतात, चिरतात. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, एवढं लक्षात घेतलं तर या स्वस्त पार्टवर कंजुषी का करू नये ते कळेल.

पत्रा, चासिस, ब्रेक

कनकुंबी-जांबोटी पट्ट्यातला पाऊस सोसलेली गाडी खालून कुजते. बॉडीच्या तळाला आडव्या पोकळ पट्ट्या असतात, त्यांत पाणी धरून राहतं. रंगाच्या आधी त्या टोच्याने टोचून बघा. रंग झाला असेल तर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबी आहे. मागची आडवी बीम आणि पाट्यांचे हँगर यांवर हातोडीने हलकं ठोका, खणखणीत आवाज हवा. ब्रेकचे लोखंडी पाइप रंगवलेले दिसले तर ते जुनेच असण्याची शक्यता जास्त. या ब्रेकला एकच सर्किट असतं, एक पाइप फुटला तर चारही ब्रेक जातात. चोर्ला घाट उतरताना ते घडू नये म्हणून हे आग्रहाने सांगत आहोत.

कागदपत्रं

सीमेवर याचा फटका जास्त बसतो. महाराष्ट्रातली गाडी घेताना विक्रेता 'एनओसी आहे' म्हणतो. एनओसी ठरावीक आरटीओच्या नावाने असते. चिकोडीच्या, म्हणजे केए-23 च्या नावाची एनओसी बेळगावच्या केए-22 ला चालत नाही. शिवाय कर्नाटकात नंबर करताना इथला टॅक्स वेगळा भरावा लागतो. तो सौद्यात धरलेला नसतो. आरसी 15 वर्षांची असते, पुढे तपासणी होऊन 5-5 वर्षांनी वाढते. वाढवलेली आहे का, आणि गाडी सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरच्या नोंदीत दिसते का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी बघा. हाताने लिहिलेलं जुनं आरसी बुक असेल तर मूळ आरटीओत नोंद असल्याची खात्री करा. चासिस नंबर फ्रेमवर स्वतः घासून कागदावर उमटवून घ्या. भंगारात गेलेल्या गाडीचं बुक दुसऱ्या चासिसला लावण्याचे प्रकार होतात. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन असेल तर विमा अडतो. मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच सांगितलं आहे.

'व्हिंटेजमध्ये करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. 2021 च्या नियमांनुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं व्हावी लागतात, गाडी मूळ रूपात लागते, नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये आहे, आणि ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

फसवणूक झालीच तर

खानापूरच्या जीपच्या मालकाची बाजू एका ठिकाणी लंगडी पडली. दुसऱ्या मेकॅनिकने हौसिंग उघडताना ना फोटो होते, ना साक्षीदार. पहिलं गॅरेज म्हणालं, 'शाफ्ट त्यानेच काढले असतील.' म्हणून संशय आला की काहीही उघडू नका. आधी गॅरेजला लेखी कळवा, मग परवानाधारक सर्व्हेअर किंवा मेकॅनिकल इंजिनिअरसमोर व्हिडिओ चालू ठेवून उघडा आणि त्याचा सही केलेला अहवाल घ्या.

कामाचं बिल थकलं तर गॅरेजला गाडी अडवून ठेवण्याचा हक्क कायद्याने आहे. त्यामुळे वाद चालू असताना गाडी तिथेच असेल तर रक्कम 'आक्षेप राखून' असं लिहून भरा आणि गाडी बाहेर काढा. ग्राहक आयोगात तक्रार कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत करायची असते. 2019 च्या कायद्याने ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे गॅरेज बेळगावात आणि तुम्ही चंदगडचे असाल तर कोल्हापुरात चालते. पार्ट काढून विकल्याचा पुरावा असेल तर पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 (विश्वासघात) आणि 318 (फसवणूक) खाली तक्रार द्या. 'हद्द आमची नाही' म्हणाले तर झिरो एफआयआर मागा. हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही नोंद पोलिसांना करावी लागते. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि समोरचा गायब झाला असेल, तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.