टेडीच्या सांध्यांसाठी हार्डवेअरचं सामान: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

हाताने शिवलेल्या टेडीचे दोन हात, दोन पाय आणि मान फिरती ठेवायची तर पाच सांधे लागतात. त्यांचे तयार संच परदेशातल्या टेडी-सामानाच्या दुकानांत मिळतात, पण टपाल आणि कस्टम धरून इथे ते परवडत नाहीत. आणि पुडी उघडली की दर सांध्यामागे निघतं काय? एक बोल्ट, एक नट, दोन वायसर, दोन चकत्या (एक अवयवात, एक धडात बसणारी). पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर यातलं चकत्या सोडून सगळं सुटं मिळतं. ३० सेंमीच्या वरच्या टेडीसाठी हे सामान तयार संचाच्या तोडीस तोड आहे, एखाद्या बाबतीत सरसच. बाकी कशातही थोडी तडजोड चालेल, पण नट नायलॉकच हवा, म्हणजे आपोआप न सुटणारा.

साध्या नटाचा सांधा पहिल्या दिवशी छान घट्ट बसतो. पण टेडीचा हात फिरवला की बोल्टचं डोकं हातातल्या चकतीबरोबर फिरतं आणि नट धडातल्या चकतीला धरून राहतो. म्हणजे हात एका दिशेने फिरवला की आटे आवळतात, उलट दिशेने फिरवला की सुटतात. महिन्याभरात एक हात लुळा पडतो, आणि तोवर धड भरून पाठ शिवून झालेली असते. नायलॉक नटाच्या तोंडाशी नायलॉनची कडी असते, ती आट्यांवर दाबून बसते आणि नटाला आपल्या मर्जीने फिरू देत नाही. दुकानदार बहुतेक वेळा ‘स्प्रिंग वायसर टाका, काही होत नाही’ असं सांगतो. यंत्राच्या घट्ट जोडासाठी तो सल्ला ठीक. इथे जोडात मऊ कापड आहे आणि हात मुद्दाम फिरवला जाणार आहे, तिथे स्प्रिंग वायसर काही करत नाही. नायलॉक मिळालाच नाही तर दोन साधे नट एकमेकांवर आवळावेत. आधी खालचा बसवायचा, मग तो एका पान्याने धरून वरचा दुसऱ्या पान्याने कसायचा. चालतं, फक्त बोल्ट तेवढा लांब लागतो आणि धडात जागा खातो.

नायलॉक एकदा उघडला तर पुन्हा वापरता येतो, पण दर वेळी पकड कमी होते. पान्याशिवाय नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरला की तो नट टाकून द्यावा. बसवताना नायलॉनची बाजू चकतीकडे नाही, बाहेरच्या बाजूला. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण उलटे बसवलेले नट बरेच दिसतात.

आता माप. साधारण ३५ सेंमीच्या टेडीला हात-पायांसाठी एम ५ (५ मिमी जाडीचे) आणि मानेसाठी एम ६ (६ मिमीचे) हे बोल्ट योग्य. एम ५ च्या नटाला ८ चा पाना लागतो, एम ६ ला १० चा. दुकानात मात्र अजून सुताचा हिशेब चालतो. दीड सूत म्हणजे ३/१६ इंच आणि दोन सूत म्हणजे पाव इंच. डोळ्याला दीड सूत आणि एम ५ सारखेच दिसतात, दोन सूत आणि एम ६ सुद्धा. पण आटे वेगळे. एम ६ चे आटे एकमेकांपासून १ मिमी अंतरावर असतात, पाव इंची बोल्टचे, इंचाला २० या हिशेबाने, १.२७ मिमीवर. पाव इंची नटात एम ६ चा बोल्ट आधी खुळखुळत जातो, मग अडकतो किंवा ताण आला की आटे खाऊन सुटतो. बोल्ट एका दुकानातून आणि नट दुसऱ्यातून घेतला की हा घोळ हमखास होतो. दोन्ही एकाच गल्ल्यावर घ्यावेत आणि तिथेच प्रत्येक नट बोल्टवर दोन फेरे फिरवून बघावा.

लांबी अंदाजाने घेऊ नये, बेरीज करावी. एम ५ साठी: ३ मिमीच्या दोन चकत्या, ६. मोठे वायसर दोन, २.४. कापडाचे दोन थर आवळल्यावर २ ते ३. नायलॉकची उंची ५. नटाबाहेर दोन आटे तरी दिसायला हवेत, नाहीतर नायलॉनची कडी पूर्ण पकडत नाही, ते १.६. एकूण साधारण १८ मिमी. पण जाड फर आवळण्याआधी बरीच फुगलेली असते आणि नट आट्यांपर्यंत पोचतच नाही, म्हणून २० चा बोल्ट तोकडा पडतो. २५ घ्यावा. मानेला ३० किंवा ३५, कारण डोकं भरल्यावर खालचं तोंड दोऱ्याने आवळून बोल्टभोवती गोळा करायचं असतं आणि त्या चुण्यांचीच जाडी ६ ते ८ मिमी होते.

वायसर साधा नको. एम ५ चा साधा वायसर १० मिमी व्यासाचा असतो, तो हार्डबोर्डमध्ये रुततो आणि सांधा सैल होतो. भोक लहान आणि घेर मोठा असा वायसर मागावा. एम ५ साठी तो १५ मिमीचा, एम ६ साठी १८ चा मिळतो.

चकत्या हा या सगळ्यातला खरा कामाचा भाग, कारण त्या स्वतः कापाव्या लागतात. ३ मिमी हार्डबोर्ड सर्वांत चांगला. एमडीएफ कापायला सोपा, पण कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात कडेने फुगतो. ४ मिमी प्लायवूड चालतं, मात्र हलक्या प्लायचे थर भोकापाशी सुटतात. सनबोर्ड हातात घेऊन मोह होतो, कटरने क्षणात कापला जातो. पण तो फोम आहे, वायसरखाली दबतो आणि सांधा आठवड्याभरात ढिला. ॲक्रिलिक भोकापासून तडकतं. कॅरमची सोंगटी वापरायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते: व्यास साधारण ३१ मिमी, जवळपास हवा तेवढा! पण जाडी ७ ते ९ मिमी, दोन सोंगट्यांतच जवळजवळ पाऊण इंच बोल्ट संपतो आणि टेडीचा खांदा उचलल्यासारखा दिसतो.

गोल कापायला होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत. लाकडासाठीचा स्वस्त संच हार्डबोर्डला पुरतो. यात एक गोष्ट ध्यानात ठेवायची: होल सॉवर लिहिलेलं माप भोकाचं असतं, आतून निघणाऱ्या चकतीचं नाही. दात दोन्ही बाजूंनी खातात, त्यामुळे ३८ चा सॉ लावला की चकती ५ ते ७ मिमी लहान निघते. ३८ ची चकती हवी तर ४४ चा सॉ लावून एक नमुना काढून मोजावा. मधलं भोक सॉच्याच ड्रिल बिटने पडतं आणि ते बहुतेक ६ मिमी किंवा पाव इंच असतं. एम ६ ला ते नेमकं बसतं. एम ५ त्यात थोडा हलतो, पण मोठा वायसर ते सांभाळतो. बोर्ड टेबलाला क्लॅम्पने आवळावा, खाली टाकाऊ लाकूड ठेवावं, अर्धं एका बाजूने आणि अर्धं उलटून दुसऱ्या बाजूने कापावं. कडा फुटत नाही. तोंडाला मास्क लावावा, एमडीएफ असेल तर नक्कीच.

कापलेल्या चकतीची कड तशीच ठेवली तर ती आतून कापड कुरतडते. चकतीच्या भोकात बोल्ट-नट आवळून बोल्ट ड्रिलच्या चकमध्ये धरावा आणि फिरत्या कडेला १२० नंबरचा पॉलिश पेपर लावावा. अर्ध्या मिनिटात कड गोल आणि गुळगुळीत. मग कडेवर वूड पॉलिशचा एक हात, म्हणजे दमट हवेत बोर्ड पाणी पीत नाही. पॉलिशचा वास पूर्ण गेल्याशिवाय चकती कापडात घालू नये.

३५ सेंमीच्या टेडीसाठी चकत्यांची मापं ढोबळपणे अशी: मान ५० मिमी, पाय ४५, हात ३८. नमुना वेगळा असेल तर सांध्याच्या जागी अवयवाची रुंदी मोजावी आणि दोन्ही बाजूंना शिवणीपासून ४-५ मिमी सोडून उरेल ती चकती. शिवणीवर चढलेली चकती बाहेरून उठून दिसते. खूप लहान चकती घेतली तर हात बोल्टवर झुलतो.

जोडणी करताना कापडाला कात्रीने भोक पाडू नये. आरीने वीण बाजूला सारावी, बोल्ट त्यातून घट्ट जायला हवा. मोहेरच्या (अंगोरा शेळीच्या लोकरीच्या) विणलेल्या कापडात हे सहज जमतं. बाजारातली नकली फर बहुतेक जाळीदार, ताणली जाणारी असते, तिच्या आत भोकाच्या जागी फेल्टचा किंवा जुन्या चामड्याचा रुपयाएवढा तुकडा शिवून घ्यावा. क्रम असा: बोल्ट, त्यावर वायसर, त्यावर चकती, हे हातात आतून घालायचं आणि आटे हाताच्या कापडातून बाहेर काढायचे. मग धडाच्या कापडातून आत, तिथे दुसरी चकती, वायसर, नट. चकतीची गुळगुळीत बाजू दोन्हीकडे कापडाला लागायला हवी. नट आवळण्याआधी हात डावा की उजवा आणि तळवा आतल्या बाजूला आहे ना, हे बघून घ्यावं. नंतर उसवण्यापेक्षा सोपं.

नट नायलॉनपाशी पोचला की बोल्टही सोबत फिरायला लागतो. अवयव अजून उघडा असेल तर षटकोनी डोक्याला आतून बॉक्स पाना लावता येतो. त्याहून बरं म्हणजे बोल्टचं डोकं आणि वायसर आधीच अरल्डाइटने चकतीला चिकटवून ठेवायचे. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडून, तेल पुसून, रात्रभर सुकवून. मग चकती कापडावरून बोटांनी धरली तरी पुरते. कॅरेज बोल्टचा डोक्याखालचा चौकोनी गळा चकतीत अडकतो म्हणून तो सुचवला जातो. पण ३ मिमी बोर्डात गळा पूर्ण मावत नाही, पलीकडे डोकावतो आणि कापडाला लागतो.

किती घट्ट? धड भरण्याआधी हात फिरवताना जोर लागावा, इतका. सैल सांधा आपोआप घट्ट होत नाही, घट्ट सांधा मात्र कापूस बसला आणि फर दबली की आपसूक नरम होतो. पाचही सांधे कसून एक रात्र तसेच ठेवावेत आणि सकाळी भरण्याआधी पुन्हा पाना लावावा. बहुतेकदा अर्धा-पाऊण फेरा आणखी बसतो. एम ५ च्या एका फेऱ्याने ०.८ मिमी आवळलं जातं, त्यावरून कापड किती दबलं ते कळतं.

काळे बोल्ट घेऊ नयेत. त्यांच्यावर तेल असतं, ते फिकट फरला लागलं की डाग जात नाही, आणि दमट हवेत ते गंजतातही. झिंकचा मुलामा असलेले पुरेसे. स्टेनलेस घ्यायचं तर स्टेनलेस नायलॉक घाईने फिरवू नये. आटे तापून एकमेकांना धरतात आणि नट तिथेच जाम होतो, मग बोल्ट कापण्यावाचून इलाज नाही. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आणि सावकाश हात, बस.

२० सेंमीच्या खालच्या टेडीला बोल्ट बोजड होतो. तिथे स्प्लिट पिन (दुमडलेल्या तारेची दोन पायांची खीळ), म्हणजे या कामातली जुनी पद्धत. जर्मनीत गींगेनला श्टाइफ या खेळण्यांच्या कंपनीच्या रिचर्ड श्टाइफने १९०२ मध्ये केलेल्या ‘५५ पीबी’ या कंपनीच्या पहिल्या टेडीचे अवयव दोऱ्याने बांधलेले होते, आणि दोरा सैल पडायचा. चकती आणि पिन हा त्यावरचा टिकाऊ तोडगा ठरला. पिन साध्या मऊ पोलादाची घ्यावी. स्टेनलेसची वळवताना हात दुखतात आणि गुंडाळी बसत नाही. पिनच्या डोक्याखाली वायसर आलाच पाहिजे, नाहीतर डोकं चकतीच्या भोकातून ओढलं जातं. धडाच्या बाजूला दोन्ही पाय फाकवावेत, एकेक पाय नोज प्लायरमध्ये धरून बाहेर आणि खाली गुंडाळत न्यावा, गुंडाळी वायसरवर दाबून बसेपर्यंत. नुसते पाय आडवे वाकवून सोडले तर सांधा कधीच घट्ट होत नाही. पिनच्या सांध्याबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. दोन पिनांची डोकी एकमेकांत अडकवून मानेत घातली तर मान फिरते आणि कलतेही. बोल्टने हे साधत नाही, म्हणून बाकी चार सांधे बोल्टचे आणि मान दुहेरी पिनची, असा मेळही छान जमतो.

हे सगळं सामान शोभेच्या, मोठ्यांच्या टेडीसाठी. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नट-बोल्टचा टेडी देऊ नये, त्यांच्यासाठी न उघडणारे प्लास्टिकचे सांधे किंवा सरळ सांध्याविना टेडी. पाण्यात बुडवून धुणंही नाही, हार्डबोर्ड फुगला की सांधा गेला. विकायचा विचार असेल तर १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा आधी नोंदणी करावी.

जुन्या टेडीची दुरुस्ती करताना मात्र बोल्टचा मोह आवरावा. गंजलेली पिन पाठीच्या शिवणीतून कटरने तोडावी, जुनी चकती धड असेल तर तीच ठेवावी, आणि त्याच भोकातून त्याच जाडीची नवी पिन घालावी. भोक मोठं करून बोल्ट बसवला तर शंभर वर्षांचं कापड तो ताण सोसत नाही, आणि संग्राहकाच्या लेखी टेडीची किंमतही उतरते.