गर्भरक्तातील मातृरक्ताची भेसळ आणि एसटीआर किट: काही महिन्यांच्या वापरानंतर

बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या गर्भनिदानासाठी साधारण १८व्या आठवड्यानंतर नाळेतून घेतलेल्या रक्तात आईचे रक्त मिसळले, तर तिच्या प्रौढ हिमोग्लोबिनमुळे (हिमोग्लोबिन ए) बाधित गर्भसुद्धा एचपीएलसीच्या (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीच्या) आलेखावर नुसता वाहक भासू शकतो. ही भेसळ आम्ही पूर्वी सेल काउंटर (रक्तपेशी मोजणारे यंत्र) आणि क्लायहाउअर-बेटके रंजन (काचपट्टीवर आम्लाने आईच्या पेशी फिक्या करून गर्भाच्या रंगीत ठेवण्याची पद्धत) यांवरच पारखत होतो. आता त्यांच्या जोडीला एसटीआर किट आहे, म्हणजे डीएनएतील पुनरावृत्ती होणाऱ्या छोट्या तुकड्यांची लांबी पाहून व्यक्ती ओळखणारा संच.

प्रत्येक मार्करवर (अशा तुकड्याच्या जागेवर) गर्भाला आईच्या दोन प्रतींपैकी एकच मिळते, म्हणून वारशाने न आलेली दुसरी प्रत नमुन्यात दिसली की भेसळ उघड होते. यासाठी आईचा स्वतंत्र नमुना मात्र हवाच. काचपट्टीवरील अंदाजापेक्षा हा पुरावा निःसंशय भक्कम आहे, कारण वाहक मातेचे गर्भ-हिमोग्लोबिन वाढलेले असल्यास तिच्या काही पेशी आम्लातही रंग धरून ठेवतात आणि मोजणाऱ्याला चकवतात. तरीही पंधरा-सोळा मार्करांपैकी थोडेच उपयोगी पडतात: कुठे आईच्या दोन्ही प्रती सारख्याच निघतात, तर कुठे तिची दुसरी प्रत गर्भाच्या प्रतीहून नेमकी एका पुनरावृत्तीने आखूड असल्याने स्टटरच्या (चाचणीत मूळ प्रतीहून एका पुनरावृत्तीने आखूड उमटणाऱ्या खोट्या) शिखराखाली दडून जाते.

किटने दाखवलेली टक्केवारी केंद्रक असलेल्या पेशींच्या डीएनएची असते, लाल पेशींची नव्हे. ती थेट हिमोग्लोबिन ए मधून वजा करण्याचा मोह टाळावा.

वेगाच्या बाबतीत मात्र जुना सेल काउंटरच सरस ठरतो. या वयाच्या गर्भाच्या पेशींचे सरासरी आकारमान ११५ फेम्टोलिटरच्या वर, तर वाहक मातेचे बहुधा ८०च्या खाली असल्याने हिस्टोग्रामवर (पेशींच्या आकारमानाच्या आलेखावर) दोन टेकड्या स्पष्ट दिसतात, आणि सुई आत असतानाच दुसरी सिरिंज मागता येते. किटचे उत्तर येईपर्यंत रुग्ण घरी गेलेली असते. त्यामुळे काउंटर काढून किट घेण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

एक तक्रार उरते. ओळख पटवण्यासाठी बनलेल्या या किटमध्ये अमेलोजेनिन हा लिंगदर्शक मार्करही असतो, आणि गर्भलिंग सांगण्यास १९९४च्या कायद्याने बंदी असल्याने तो भाग अहवालातून व छापील आलेखातून दर वेळी वगळावा लागतो. गर्भनिदानासाठी हा मार्कर नसलेली आवृत्ती उत्पादकांनी द्यायला हवी.