लालबागचे बाइंडिंगवाले काका आणि बाबांचं डॉन बॉस्कोंचं पुस्तक

मुंबईत आता चांगला बाइंडिंगवाला शोधून सापडत नाही. झेरॉक्सच्या दुकानात गेलं की स्पायरल मारून देतात नाहीतर गम लावून चिकटवतात आणि सहा महिन्यांत पानं हातात येतात, म्हणून मुद्दाम हे लिहितेय. लालबागला चिवडा गल्लीच्या थोडं पुढे, चाळीच्या जिन्याखाली एक खोली आहे. बोर्डावर नाव वगैरे नाही, नुसतं 'बुक बाइंडिंग करून मिळेल'.

मी दिलं होतं ते बाबांचं पुस्तक. बाबा गिरगावात प्रेसमध्ये कंपोझिटर, म्हणजे छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवणारे, होते आणि डॉन बॉस्को या इटलीतल्या पाद्रींचं एक छोटंसं मराठी चरित्र त्यांनी माटुंग्याच्या चर्चबाहेरून घेतलेलं, कव्हर कधीच गेलंय त्यामुळे नाव सुद्धा सांगता येत नाही. आम्ही काही ख्रिश्चन नाही. पण बाबांना हा माणूस घरातल्यासारखा वाटायचा, कारण यांनी गरीब पोरांना नुसती अक्षरं नाही तर बाइंडिंग आणि छपाई पण शिकवली.

1815 चा जन्म, इटलीतल्या पिडमाँटमधल्या एका वाडीवर, दोन वर्षांचे व्हायच्या आतच वडील गेले. दुसऱ्यांच्या शेतावर गडी म्हणून राबले, पुढे शिकत असताना शिंपीकाम, सुतारकाम असं मिळेल ते करून पोट भरलं. 1841 ला पाद्री होऊन तुरिनला आले तर तिथे खेड्यातून कामाला आलेली पोरं गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहतायत, काही तर तुरुंगात, आणि विचारणारं कोणी नाही. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही, कोकणातून, घाटावरून आलेली पोरं आमच्या आजोबांनी इथेच बघितलीयत. त्याच वर्षी 8 डिसेंबरला एक पोरगा थंडीचा चर्चमध्ये शिरला आणि तिथल्या सेवेकऱ्याने त्याला मारून हाकललं. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावून घेतलं. वाचता येतं का, नाही, गाता येतं का, नाही, मग शीळ घालता येते का? पोरगा हसला. हे पान बाबांनी इतक्या वेळा वाचलंय की तिथेच पुस्तक दोन भाग झालं होतं.

तर काका. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पाठ बघितली, जुना सरस नखाने खरवडला आणि म्हणाले, "ताई, गम नको, फर्मे सुटे करून परत शिवतो." प्रत्येक फर्मा, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचा जुडगा, वेगळा करून फाटलेल्या घडीला पातळ कागदाची पट्टी लावली, मग दोऱ्याने शिलाई, वर कापडी पाठ आणि जाड पुठ्ठा. खळ ते स्वतः मैद्याची शिजवतात, त्यात मोरचूद घालतात म्हणजे कीड लागत नाही. आता पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं तर उघडंच राहतं, हाताने दाबून धरायला लागत नाही!

ती खळ बघून मी काकांना पुस्तकातलीच गोष्ट सांगितली. डॉन बॉस्कोंनी 1853 ला पोरांसाठी चपलांचं आणि शिंपीकाम सुरू केलं आणि 1854 ला बाइंडिंग, तेव्हा म्हणे हत्यारं काहीच नव्हती, त्यांच्या आईने पिठाची खळ करून दिली आणि कडा कापल्या त्या स्वयंपाकघरातल्या सुरीने. मार्गारिता त्यांचं नाव, 1846 पासून त्या पोरांसाठीच राबल्या, 1856 ला वारल्या. पुढे 1862 पर्यंत छापखानाही उभा राहिला. काका हातातलं काम ठेवून ऐकत होते, म्हणाले सुरीने पण होतं, धार पाहिजे.

त्यांच्याकडे सोलापूरकडचा एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा काम शिकतोय, संध्याकाळी नाइट स्कूलला जातो, साडेपाच वाजले की काकाच घड्याळ दाखवतात. माझ्यासमोर त्याचा एक टाका चुकला तर काकांनी ओरडण्याऐवजी दोरा उसवून परत त्याच्याच हातात दिला. डॉन बॉस्को पोराला कामाला लावताना मालकाशी कागदावर करार करायचे, 1850 नंतरचे असे करार अजून आहेत, त्यात काम नीट शिकवायचं, चुकलं तर तोंडाने सांगायचं मारायचं नाही, पगार ठरलेला, सणाची सुट्टी, सगळं लिहिलेलं. पोरांचे कामाचे करार त्या काळी! पोराने मला विचारलं पुस्तक कसलंय, मी त्याला शिळेची गोष्ट सांगितली तर तो पण हसला.

एक तक्रार आहे आणि ती मला खरंच लागलीय. कडा कापताना बाबांनी समासात पेन्सिलीने लिहिलेलं एक वाक्य अर्धं गेलं. काकांना खूप वाईट वाटलं, पण गेलं ते गेलं. तुमच्या पुस्तकात समासात काही लिहिलेलं असेल तर "कटिंग करू नका" असं आधीच सांगा, मीच सांगायला हवं होतं. आणि चार दिवस म्हणाले होते, नऊ लागले.

अडीचशे रुपये घेतले, शिलाईच्या कामाला हे कमीच आहेत. सोमवार ते शनिवार जा. रविवारी बंद, त्या दिवशी पोराला सुट्टी असते.