तीन एचपीचा पंप आमच्या गळ्यात मारला: घरी स्विमिंग पूल बांधणाऱ्यांनी जरूर वाचा

बंगल्यात किंवा फार्महाऊसवर पूल बांधताना ठेकेदार ‘मोठा पंप टाकू, पाणी एकदम स्वच्छ राहील’ म्हणाला, तर काम तिथेच थांबवा. याच वाक्यावर त्याने आम्हाला लुबाडलं.

मावळात आमचा छोटा पूल आहे. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, सरासरी खोली 1.35 मीटर. म्हणजे साधारण 43,000 लिटर पाणी. घरच्या पुलात सगळं पाणी सहा ते आठ तासांत एकदा फिल्टरमधून फिरलं की पुरतं. सहा तास धरले तरी ताशी 7,200 लिटर होतात आणि पंपरूम शेजारीच असल्याने पाऊण ते एक एचपीत हे काम आरामात होतं. ठेकेदाराने बसवला तीन एचपीचा. ‘ताई, पाहुणे येणार, मुलं येणार, पुढचा विचार करा,’ असं म्हणून वर जाड केबल, मोठा स्टार्टर आणि विजेचा मंजूर भार वाढवायचा खर्चही लावला.

बिलात स्पष्ट लिहिलं होतं, ‘पंपाला अनुरूप सँड फिल्टर’, म्हणजे वाळूतून पाणी गाळणारा फिल्टर. पण पूल सुरू झाल्यापासून पाणी गढूळच. पाणी पुलात परत येतं त्या तोंडाखाली, तळाच्या फरशीवर बारीक वाळूची रेघ साचायची. फिल्टरवरचा दाबाचा काटा बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुणं) केल्या केल्या दीड बारच्या वर जाऊन बसायचा. तक्रार केली की आधी क्लोरीन कमी पडतंय, मग वाळू बदला, आणि शेवटी ‘फिल्टर लहान पडतोय, मोठा घ्या’ असं नवं कोटेशन. पंप मोठा दिल्याचं मात्र त्याने अवाक्षर काढलं नाही.

उलगडा फिल्टरच्या लेबलवरून झाला. त्याने फिल्टर असा बसवला होता की लेबल भिंतीकडे. माझ्या भावाने मोबाइल मागच्या फटीत घालून फोटो काढला. 500 मिलिमीटर व्यासाचा फिल्टर, कमाल प्रवाह ताशी 10,000 लिटर. पंपासोबतचं पुस्तक ठेकेदाराने दिलंच नव्हतं, म्हणून आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून पंपाचा आलेख मागवला. 10 मीटर हेडला, म्हणजे 10 मीटर उंच पाणी चढवण्याइतक्या अडथळ्याला, ताशी 30,000 लिटरच्या वर! फिल्टरच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात तेवढं निघत नसेल, पण क्षमतेच्या दुप्पट पाणी वाळूतून रेटलं जात होतं. इतक्या वेगात वाळू मळ धरत नाही, उलट तिच्यात वाटा पडतात आणि धरलेला मळही पुढे जातो. म्हणून ‘मग कमी तास चालवा’ हे त्याचं उत्तरही फोल होतं. पंप एक तास चालो की सहा, गाळण नीट होणारच नव्हती.

विजेचं गणितही सांगते. तीन एचपीचा पंप ताशी पावणेतीन युनिटच्या आसपास खातो. रोज सहा तास म्हणजे महिन्याला जवळपास 500 युनिट, घराचा वापर वेगळा. आणि महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात.

पैशांपेक्षा मला जास्त राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. आमच्या पुलाच्या तळाला पाणी खेचणारी जाळी एकच आहे. पंप जितका जोरदार, तितकी तिथली ओढ जास्त. केस किंवा अंग जाळीला चिकटलं तर मोठ्या माणसालाही सुटणं कठीण जातं. अमेरिकेत 2002 मध्ये हॉट टबच्या अशाच जाळीला खेचली जाऊन सात वर्षांची मुलगी बुडाली. तिच्या नावाने तिथे 2007 मध्ये कायदा झाला. एकमेकींपासून लांब दोन जाळ्या आणि वर फुगीर, न चिकटणारं झाकण, ही काळजी आपल्याकडच्या ठेकेदारांनीही घेतलीच पाहिजे. याने घेतली नाहीच, वर तीन एचपीची ओढ लावली, आणि त्या पाण्यात आमची मुलं उतरत होती.

आता एक एचपीचा पंप आहे, फिल्टर तोच. काटा पाऊण बारवर असतो, तळाच्या फरशीचे सांधे दिसतात. दुसरी जाळी बसेपर्यंत तळाचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पाणी फक्त वरच्या स्किमरमधून, म्हणजे काठाशी पृष्ठभागावरचं पाणी ओढणाऱ्या तोंडातून घेतो.

तुम्ही कोटेशन घ्याल तेव्हा नुसत्या एचपीवर बोलू नका. पुलात किती लिटर पाणी, ते किती तासांत फिरणार, हेड किती धरलं आणि त्या हेडला पंप ताशी किती लिटर देतो, हे लेखी मागा. तो आकडा फिल्टरच्या लेबलवरच्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर सही करू नका. पाइपही बघा. खेचणाऱ्या पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या वर जाऊ नये. आमच्या जुन्या पंपातून खडे खुळखुळल्यासारखा आवाज यायचा, तो पाइप अपुरा पडत असल्याचा होता.

ठेकेदाराने पंप परत घ्यायला नकार दिला, तेव्हा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे तोडगा निघाला नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो आहोत. मुदत दोन वर्षांची असते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. बिल, कोटेशन, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि भिंतीकडच्या लेबलचा फोटो, सगळं तक्रारीसोबत जोडलं आहे.