मालदीव वारसा-निसर्ग सहल: मांटा पाहिले, म्युझियम राहिलं

या सहलीला जाऊन आता बरेच महिने झाले. परत आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसता राग उतरला असता, म्हणून थांबलो होतो. पण गेल्या आठवड्यात सहल कंपनीचं नव्या हंगामाचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर आलं आणि त्यात राजधानी मालेचा दिवस परत शुक्रवारच! आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मालदीवमध्ये साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवार असते. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाच्या आसपास दुकानांची शटर खाली, कचेऱ्या बंद, आणि राष्ट्रीय संग्रहालयही बंद. हे कुणाही मालेकराला विचारा, तो उभ्या उभ्या सांगेल. सहल ‘इस्लामी वारसा आणि निसर्ग’ या नावाने विकायची, तिच्यात मालेला एकच दिवस द्यायचा आणि तो शुक्रवारी ठेवायचा, याला काय म्हणायचं? संग्रहालयाचं तिकीट पॅकेजच्या पैशांत धरलेलं होतं. आम्ही सुलतान पार्कशी उभं राहून इमारत बाहेरून पाहिली आणि परत फिरलो.

माझे अब्बा रत्नागिरीत हायस्कूलला इतिहास शिकवायचे. शिलाहार राजांचे ताम्रपट वर्गात इतके रंगवून सांगायचे की त्यांचे विद्यार्थी आजही रस्त्यात भेटले की त्याच गोष्टी काढतात. मालदीवचा राजा 1153 साली मुसलमान झाला, असं तिथली परंपरा सांगते; आणि त्या बदलाचा जुना लेखी पुरावाही ताम्रपटांवरच आहे. इस्धू बेटाचा ताम्रपट बाराव्या शतकाच्या अगदी अखेरचा. बौद्ध विहार मोडला आणि मशिदीला जमिनी लावून दिल्या, ही हकीकत त्यात आहे. त्याआधीच्या बौद्ध काळाच्या बऱ्याच मूर्ती संग्रहालयात होत्या, त्या फेब्रुवारी 2012 मध्ये जमावाने आत घुसून फोडल्या. जे उरलंय ते पाहायचं, एवढ्यासाठी अब्बा या वयात बोटीत बसायला तयार झाले होते.

बरं, परतीचा दिवस गुरुवार होता. विमान संध्याकाळी. बोटीने आम्हाला दुपारच्या आतच थेट विमानतळावर आणून सोडलं. विमानतळ ते माले 2018 पासून पूल आहे, टॅक्सीने काही मिनिटांची वाट. ‘आमच्या खर्चाने जाऊन येतो, सामान तेवढं सांभाळा,’ असं मी टूर मॅनेजरला म्हटलं. ‘सर, ग्रुपमधून कुणाला सोडता येत नाही,’ हे उत्तर. संग्रहालय पुलापलीकडे उघडं होतं आणि आम्ही बाकड्यावर बसून महागडा चहा पीत होतो.

आता मशिदीबद्दल, कारण तिथे पैसे वसूल झाले. मालेची जुनी जुम्मा मशीद, हुकुरू मिस्की, 1658 ची. सुलतान इब्राहिम इस्कंदर पहिला याच्या कारकिर्दीत बांधलेली, भिंती प्रवाळ दगडाच्या. शेजारचा बुटका, जाडजूड मिनार 1675 चा. आमचा स्थानिक गाईड मोडक्या हिंदीत पण मन लावून सांगत होता. समुद्रातून काढलेला प्रवाळ ओला असताना मऊ असतो, तेव्हाच तो कापायचा, वाळला की तो टणक होतो. अब्बा लगेच म्हणाले, ‘म्हणजे आपल्या जांभ्यासारखंच की! चिरा खाणीतून काढतो तेव्हा मऊ, वारा लागला की पक्का.’ कोकणातल्या माणसाला याहून जास्त समजावायची गरजच नाही. दगडात खाचा पाडून ते एकमेकांत बसवलेत, मध्ये चुना नाही. अब्बांनी एका सांध्यावरून नख फिरवलं, ते कुठेच अडकलं नाही. भिंतीवरची नक्षी लाकडावर कोरावी इतकी बारीक आहे.

आणखी एक गोष्ट गाईडने सांगितली नसती तर आमच्या लक्षात आली नसती. इमारतीचं तोंड सरळ पश्चिमेला आहे, कारण ती त्याहून जुन्या पायावर उभी आहे. मालेहून मक्का वायव्येला. म्हणून आत नमाजाच्या सफा (रांगा) भिंतींना समांतर नसून तिरप्या, कोपऱ्याकडे तोंड करून आहेत. अब्बांनी तिथे दोन रकात नफल (ऐच्छिक नमाज) पढली आणि बराच वेळ बसून राहिले. बाहेरच्या कब्रस्तानात टोकदार दगड पुरुषांचे, गोल माथ्याचे बायकांचे. रस्त्यापलीकडे अबुल बरकात यांची मजार. राजाला इस्लामची दीक्षा देणारे हेच, असं मानतात. ते मोरोक्कोकडचे होते की इराणच्या तबरीझचे, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे काझी होता, तो मोरोक्कोच्या बाजूने. या सगळ्याला वेळापत्रकात वेळ किती? अर्धा तास! त्यानंतर संग्रहालय. म्हणजे काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे कड्यासारखा प्रवाळबेटांचा समूह) धारावंधू बेटावर गेलो. पहिल्याच दिवसामुळे मी चिडलेला, त्यात हनिफारूच्या उपसागरात मांटा, म्हणजे पंखांसारख्या कल्ल्यांचे प्रचंड मासे, पाहायला पाण्यात फक्त पाऊण तास मिळणार हे कळल्यावर अजूनच भडकलो. एवढ्या लांब आणून पाऊण तास? पण ही काटकसर कंपनीची नाही. बा अटॉल 2011 पासून युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे आणि हा उपसागर संरक्षित आहे. तिथे सिलिंडर लावून डुबकी मारायला परवानगी नाही, फक्त स्नॉर्केल. बोटी आणि माणसं मोजूनच आत सोडतात, रेंजर लक्ष ठेवतो. आता मला तो नियम या सहलीतली सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

मांटा इथे मे ते नोव्हेंबरात येतात. आपल्याकडे पाऊस आणणारा नैऋत्य मोसमी वारा तिकडे समुद्रातले सूक्ष्म जीव या खोलगट उपसागरात लोटतो आणि मांटा ते खायला जमतात. बायकोने आणि मी मास्क लावून खाली पाहिलं तर एकामागे एक, तोंडं उघडी टाकून, माणसापेक्षा कितीतरी रुंद पंखांचे मासे येत होते. एक अगदी माझ्या पोटाखालून गेला. पोटावरचे काळे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, त्यावरूनच संशोधक त्यांना ओळखतात. पाण्यात बायकोने माझा दंड असा आवळला होता की वळ उठले. बोटीवर आल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही. त्या एका सकाळसाठी मी पुन्हा जाईन.

गेस्टहाऊसबद्दल तक्रार नाही. सकाळी रोशी (तिथली चपाती) आणि मास हुनी: कुस्करलेला ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू. अब्बांनी रोज तेच मागितलं. लोकवस्तीच्या बेटावर दारू मिळत नाही, पोशाखाचं भान ठेवावं लागतं. आमच्यासारख्या कुटुंबाला ते बरंच वाटलं. मात्र ‘सर्व खर्च समाविष्ट’ म्हणून सांगितलेल्या पॅकेजमध्ये ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यटकांकडून घेतला जाणारा मुक्कामाचा कर, नव्हता. जानेवारी 2025 पासून लहान गेस्टहाऊसला तो माणशी रात्री 6 डॉलर आहे. तिघांचे, सगळ्या रात्रींचे, डॉलरमध्ये रोख काढून द्यायला लावले. हे बुकिंगच्या वेळी सांगायला काय जात होतं?

आल्यावर मी संग्रहालयाच्या तिकिटांचे पैसे परत मागितले. रक्कम किरकोळ आहे, मान्य. पण जे दाखवलं नाही त्याचे पैसे ठेवायचे नाहीत, इतकं साधं आहे. ‘ग्रुप रेट असल्याने वेगळे काढता येत नाहीत,’ हे उत्तर वेगवेगळ्या शब्दांत महिनोन् महिने येत राहिलं.

नंतरची भर: वरचं लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात कंपनीतल्या एका बाईंचा फोन आला. पहिल्यांदाच कुणीतरी सगळं ऐकून घेतलं. पैसे नाहीत, पण पुढच्या सहलीसाठी तिकिटांपेक्षा मोठ्या रकमेचं कूपन पाठवलं, आणि मालेचा दिवस रविवारी नेता येईल का ते पाहतो म्हणाल्या. म्हणून दोन तारे देणार होतो, ते साडेतीन करतोय. बाकीचे दीड वेळापत्रक बदललेलं दिसल्यावर.

तुम्ही कुठल्याही कंपनीबरोबर जा, पैसे भरण्याआधी माले कोणत्या वारी आहे ते लेखी विचारा. ग्रीन टॅक्स धरलाय का, तेही. मांटा पाहायचे असतील तर पावसाळ्यातच जा. उथीमू बेटावर, म्हणजे पोर्तुगीजांना 1573 साली घालवणाऱ्या मुहम्मद थकुरुफानूंच्या घरी, ही सहल जात नाही. ते पार उत्तरेला आहे.

कूपन वर्षअखेर संपतं. माले रविवारी आलं तर धाकटा भाऊ अब्बांना घेऊन त्यावर जाणार आहे.