सैल हेडलाइट: तुटलेला कान जोडावा की दिवाच बदलावा?

जुन्या गाडीचा हेडलाइट खड्ड्यातून जाताना थरथरू लागला की तुटलेला कान (दिव्याचा बोल्ट बसतो तो प्लास्टिकचा उभार) प्लास्टिक वेल्डिंगने जोडावा की सबंध दिवाच बदलावा, असा पेच अनेकांना पडतो. (बोल्ट नुसते ढिले झालेले नाहीत ना, हे आधी पाहून घ्यावे.) खर्चात जोडणी उघडच स्वस्त पडते; कष्ट मात्र दोन्हीकडे आहेत, कारण दिवा बहुधा उतरवावाच लागतो आणि काही गाड्यांत त्यासाठी पुढचा बंपरही काढावा लागतो.

खरा फरक टिकाऊपणात आहे. दिव्याचे मागचे कवच पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे असते आणि त्यावर साधा इपॉक्सी गोंद नीट धरत नाही. म्हणून त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून, शक्यतो आत तारेची जाळी बसवून केलेला सांधाच कंपने सोसतो. नवा दिवा हा प्रश्न मिटवतो, पण तो मूळ उत्पादकाचा नसल्यास बोल्टची छिद्रे जुळतीलच असे नाही. प्रकाशझोताची दिशा दोन्ही उपायांनंतर तपासावीच लागते.

एखादाच कान तुटला असून काच स्वच्छ असेल, तर जोडणी पुरेशी आहे. काच पिवळट पडली असेल, आत ओल धरत असेल किंवा परावर्तक निस्तेज झाला असेल, तर दिवा बदलणेच योग्य.